देणगी, अट आणि नाव: मुंबईच्या जुन्या सार्वजनिक रुग्णालयांच्या दात्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याला, परळला किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पलीकडे केस पेपर काढण्यासाठी सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला, आपण कोणाच्या नावाच्या इमारतीत आलो आहोत याचा विचार करायला सवड नसते. ‘जेजे’, ‘कामा’, ‘केईएम’, ‘नायर’ ही त्याच्या लेखी ठिकाणांची नावे असतात. ती माणसांचीही नावे आहेत, आणि या रुग्णालयांच्या काही दात्यांनी पैसा देताना सोबत अट घातली होती. पुढील उत्तरांत देणगीच्या रकमेपेक्षा या अटींना अधिक जागा दिली आहे, कारण ही रुग्णालये एकमेकांपेक्षा वेगळी का घडली याचा उलगडा त्यांतूनच होतो.

जे. जे. रुग्णालयाच्या नावातले ‘जे. जे.’ कोण?

सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९). घराणे नवसारीचे; लहान वयातच आईवडील वारल्याने ते मुंबईत मामांकडे आले. मामांचा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार होता, म्हणून जमशेटजींनाही काही काळ ‘बाटलीवाला’ म्हणत. पुढे त्यांनी चीनच्या समुद्री सफरी केल्या, कापूस आणि अफू यांच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला आणि मामांच्याच मुलीशी, आवाबाईंशी, लग्न केले. १८४२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय होत. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब देण्यात आला.

रुग्णालय आधी की ग्रँट मेडिकल कॉलेज आधी?

दोन्ही जुळी भावंडे आहेत असे म्हणणे योग्य ठरेल. मुंबईत १८२६ मध्ये एक वैद्यकीय शाळा निघाली होती आणि तिथे देशी भाषांतून शिकवले जात असे, पण सरकारने ती १८३२ मध्ये बंद केली. (मराठीतून वैद्यक शिकवण्याचा प्रश्न अजूनही अधूनमधून चर्चेत येतो, तेव्हा या शाळेची आठवण कोणी काढत नाही.) १८३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय शिक्षणाचा विषय पुन्हा हाती घेतला, पण तो तडीस जाण्यापूर्वीच १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे स्मारक म्हणून मुंबईच्या नागरिकांनी वर्गणी जमवली आणि पुतळ्याऐवजी वैद्यकीय महाविद्यालय उभारायचे ठरवले.

महाविद्यालय म्हटले की शिकण्यासाठी रुग्ण हवेत, आणि रुग्णांसाठी खाटा हव्यात. ही उणीव जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीने भरून निघाली. कंपनी सरकारनेही आपला वाटा घातला, जागा दिली आणि चालवण्याचा खर्च पत्करला. १८४३ मध्ये दोन्ही इमारतींची पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये दोन्ही सुरू झाल्या. महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड होते, आणि १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते.

त्या काळी एक लाख रुपये म्हणजे नेमके किती?

आजच्या रुपयांत हिशेब करून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा त्याच काळातले दुसरे एखादे बांधकाम शेजारी ठेवून पाहणे बरे. माहीमची खाडी ओलांडण्यासाठी पूल-रस्ता बांधायला सरकारकडे पैसा नव्हता, तेव्हा लेडी आवाबाईंनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले, आणि ‘या रस्त्यावर जकात घ्यायची नाही’ अशी अट घातली. रुग्णालय उघडले त्याच वर्षी, म्हणजे १८४५ मध्ये, हा माहीम कॉजवेही खुला झाला. रुग्णालयाची देणगी ही अशा, एका बेटाला दुसरे बेट जोडणाऱ्या, कामाच्या तोलाची होती. या कॉजवेवरून वांद्र्याकडे जाताना आजही कोणी जकात भरत नाही, ही त्या घराण्यातल्या बाईंची अट म्हणावी लागेल.

हा पैसा अफूचा होता, हे खरे आहे का?

होय, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आला. चीनच्या एका सफरीत, १८०५ मध्ये, ते ज्यावर होते ते ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्या जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा तरुण स्कॉटिश शल्यचिकित्सक होता. या दोघांची ओळख टिकली, आणि पुढे जार्डीनने वैद्यकी सोडून स्थापन केलेली ‘जार्डीन मॅथेसन’ ही पेढी चीनमधील अफूच्या व्यापाराची प्रमुख कंपनी झाली, तेव्हा मुंबईचे जमशेटजी तिचे महत्त्वाचे भागीदार-व्यापारी होते. एका डॉक्टरने वैद्यकी टाकून अफू विकावी आणि त्या व्यापारातल्या त्याच्या मित्राने रुग्णालय बांधावे, असा हा योग आहे. जमशेटजींना ‘सर’ मिळाले ते १८४२ हे वर्ष पहिले अफूयुद्ध संपल्याचेही वर्ष आहे.

पुण्याच्या ससून रुग्णालयाचे दाते डेव्हिड ससून यांचीही कमाई मोठ्या प्रमाणात याच व्यापारातली होती. त्या काळच्या मुंबईत हा धंदा कायदेशीर आणि प्रतिष्ठित मानला जाई, एवढे सांगून काहीजण विषय संपवतात. पण ग्वांगझूच्या घराघरांत त्याचा अर्थ काय होता हे मुंबईच्या संगमरवरी पाट्यांवर लिहिलेले नसते. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात आणि वाचणाऱ्याला ठरवू द्यावे.

रुग्णालय फक्त पारशी समाजासाठी होते का?

नाही. पायाभरणीच्या लेखात जमशेटजींनी आपल्या देशबांधवांतील सर्व जातींच्या गरिबांचा उल्लेख केला, आणि ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान व पारशी यांचा एकच असलेल्या परमेश्वराला ही कृतज्ञतेची भेट अर्पण केली. त्याच लेखात राणी व्हिक्टोरियाविषयीची निष्ठाही तितक्याच ठळकपणे नोंदवलेली आहे, हे वाचताना नजरेआड करू नये. या वर्गाचे दातृत्व आणि राजनिष्ठा एकाच धाग्याने विणलेली होती.

जमशेटजी जिजीभाई हे नाव इतक्या वेगवेगळ्या वर्षांत कसे दिसते?

बॅरोनेट हा किताब वंशपरंपरेने चालतो, आणि त्यासाठी १८६० मध्ये केलेल्या कायद्यानुसार किताबाच्या वारसाने मूळ पुरुषाचेच नाव धारण करायचे असते. म्हणून पहिल्या जमशेटजींनंतर दुसरे, तिसरे, चौथे सर जमशेटजी जिजीभाई झाले. त्यामुळे एखाद्या समारंभाच्या पाटीवर हे नाव दिसले तर आधी वर्ष पाहावे. १८५९ नंतरचे असेल तर ते रुग्णालयाचे मूळ दाते नव्हेत.

जे. जे. आणि पुण्याचे बी. जे. यांचा संबंध काय?

नावे सारखी वाटतात, माणसे वेगळी आहेत. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाला नाव मिळाले ते बैरामजी जीजीभाई यांचे. १८७८ मध्ये ते वैद्यकीय शाळा म्हणून सुरू झाले आणि १९४६ मध्ये महाविद्यालय झाले. त्याला जोडलेले ससून रुग्णालय त्याहून जुने आहे: डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १८६७ मध्ये ते उघडले. डेव्हिड ससून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले, त्यामुळे पूर्ण झालेले रुग्णालय त्यांनी पाहिले नाही. पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात त्या सिनेगॉगच्या आवारात त्यांची समाधी आहे.

या रुग्णालयातला सर्वांत गाजलेला प्रसंग १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीचा आहे. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक करत होते, बाहेर वादळी पाऊस होता आणि मध्येच वीज गेली; उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले.

जे. जे.च्या आवारात इतर कोणाच्या देणग्या आहेत?

एका देणगीने दुसऱ्या देणगीला वाट करून दिली, असे या आवाराविषयी म्हणता येते. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या पैशातून १८६६ मध्ये डोळ्यांचे रुग्णालय उभे राहिले. (‘रेडीमनी’ हे आडनाव घराण्याला रोख पैसा हाताशी असे, यावरून पडलेले.) मोटलीबाई वाडिया यांच्या देणगीतून प्रसूतिगृह झाले, आणि पेटिट घराण्याच्या देणगीतून स्त्रिया व मुलांचे रुग्णालय आणि प्रयोगशाळा.

प्लेगच्या लसीचा या आवाराशी काय संबंध आहे?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना कामासाठी ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे तयार केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर तिची चाचणी झाली. जागा अपुरी पडू लागल्यावर तिसऱ्या आगाखानांनी आपली ‘खुश्रू लॉज’ ही इमारत त्यांना वापरायला दिली आणि खोजा समाजातल्या हजारो लोकांनी त्यांच्या सांगण्यावरून लस घेतली. लोक सरकारी प्लेग पथकांना पाहून पळत होते त्या दिवसांत हा पाठिंबा इमारतीपेक्षा मोलाचा होता. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

कामा रुग्णालय मादाम कामांच्या नावाने आहे का?

हा या विषयावरचा सर्वांत नेहमीचा गैरसमज आहे. रुग्णालय पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून झाले आणि १८८६ मध्ये उघडले. भिकाईजी पटेल यांचे लग्न कामा घराण्यात १८८५ मध्ये झाले, म्हणजे तेव्हा इमारत जवळपास उभी होती. मादाम कामांनी १८९६ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा केली आणि त्यांना स्वतःलाही प्लेग झाला, ही गोष्ट खरी आहे. नावाशी मात्र तिचा संबंध नाही. ‘कामा आणि आल्ब्लेस’ या पूर्ण नावातले दुसरे नाव प्रसूती विभागासाठी देणगी देणाऱ्या आल्ब्लेस घराण्याचे आहे.

पेस्तनजी कामांनी कोणती अट घातली होती?

रुग्णालय फक्त स्त्रिया आणि मुलांसाठी असावे, आणि ते पूर्णपणे स्त्री डॉक्टरांच्या ताब्यात असावे, ही. आज ही अट साधी वाटेल. १८८३ मध्ये तिचा अर्थ असा होता की मुंबईत ज्यांची संख्या जवळजवळ शून्य होती अशा माणसांच्या हाती एक संपूर्ण रुग्णालय द्यायचे, आणि तेही लष्करी हुद्दे मिरवणाऱ्या पुरुष डॉक्टरांच्या देखरेखीविना.

या कल्पनेमागे जॉर्ज किटरेज नावाचे मुंबईत व्यापार करणारे अमेरिकन गृहस्थ आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे दोघे होते. परक्या पुरुषाने तपासू नये म्हणून कितीतरी बायका विनाउपचार मरतात, हे सर्वांना ठाऊक होते. या दोघांनी त्यासाठी निधी उभारला आणि तीन गोष्टी एकदम हाती घेतल्या: इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणणे, स्त्रियांसाठी रुग्णालय काढणे, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळवणे. प्रवेश १८८३ मध्ये मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते रुग्णालयाची पायाभरणी झाली. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाचा प्रसिद्ध निधी १८८५ मधला, म्हणजे या सगळ्यानंतरचा आहे. श्रेय मात्र बहुधा त्यालाच दिले जाते.

ती अट प्रत्यक्षात पाळली गेली का?

पाळली गेली, कारण ती पाळून घेणारी बाई मिळाली. एडिथ पेची या एडिनबरो विद्यापीठात १८६९ मध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी होत. रसायनशास्त्रात पहिल्या येऊनही केवळ स्त्री म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारण्यात आली होती. त्या डिसेंबर १८८३ मध्ये मुंबईत आल्या, रुग्णालय बांधून होईपर्यंत जाफर सुलेमान यांच्या नावाच्या दवाखान्यात काम केले, त्यासाठी हिंदुस्थानी शिकल्या आणि पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

मराठी वाचकाला त्यांची ओळख रखमाबाईंमुळे असते. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये रखमाबाईंविरुद्ध लागला. ‘तुरुंगात जाईन’ असे म्हणणाऱ्या या मुलीच्या पाठीशी पेची उभ्या राहिल्या आणि तिला लंडनला वैद्यकी शिकायला पाठवण्यात त्यांचा वाटा होता. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, म्हणजे त्या घरात वैद्यक नवे नव्हते. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्यावर रखमाबाईंनी काही काळ कामा रुग्णालयातच काम केले आणि मग त्या सुरतेला गेल्या. पेस्तनजी कामांनी अट घातली तेव्हा भारतीय स्त्री डॉक्टर त्यांच्या डोळ्यांसमोर नसावी. दहा-बारा वर्षांत ती त्याच दारातून आत आली.

के. ई. एम. राजाच्या नावाचे, मग ते राष्ट्रीय वृत्तीचे का मानले जाते?

के. ई. एम. म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड १९१० मध्ये वारले आणि त्यांच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला. त्यातून रुग्णालय उभारायचे ठरले, परळची जागा निश्चित झाली आणि चालवण्याची जबाबदारी महापालिकेकडे आली. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कोणत्याही राजस्मारकासारखी आहे.

तिला वळण लागले ते शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांच्या देणगीने. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढण्यासाठी त्यांनी महापालिकेला मोठी रक्कम दिली आणि लिहून घेतले की तिथले प्राध्यापक व शिक्षक हे योग्य पात्रतेचे, सरकारी नोकरीत नसलेले, स्वतंत्र भारतीय असतील. ही अट कोणाला उद्देशून होती हे त्या वेळी प्रत्येक डॉक्टरला कळत होते. जे. जे. आणि ग्रँटमधल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी वैद्यकीय सेवेच्या अधिकाऱ्यांसाठी जवळपास राखीव असत. भारतीय डॉक्टर कितीही नावाजलेला असला तरी त्याला दुय्यम जागेवर थांबावे लागे. तक्रारींनी आणि ठरावांनी जे अनेक वर्षांत बदलले नव्हते, त्याला एका दानपत्राने वळसा घातला.

जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या इमारतींत जानेवारी १९२६ मध्ये रुग्णालयाचे उद्घाटन झाले. शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे गांधीजींचे निकटवर्ती आणि पुढे, १९६० मध्ये, गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. बाहेर बादशहाचे नाव आणि आत ही नेमणूक: १९२६ ची मुंबई एका आवारात पाहायची असेल तर ती इथे दिसते. एक खंत आहे. राजाचे नाव रुग्णालयावर राहिले आणि लोकांच्या तोंडी बसले, गोरधनदासांचे नाव ‘जीएस’ या दोन अक्षरांत आक्रसले.

पुण्याचे के. ई. एम. याचीच शाखा आहे का?

नाही. रास्ता पेठेतले के. ई. एम. १९१२ मध्ये सुरू झालेले स्वतंत्र धर्मादाय रुग्णालय आहे. डॉ. बानू कोयाजींच्या कार्यामुळे ते देशभर माहीत झाले. दोघांत साम्य आहे ते एका राजाच्या नावाचे.

मराठी दाते नव्हते का?

होते. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाशी जोडलेले महाविद्यालय १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत ‘नॅशनल मेडिकल कॉलेज’ म्हणून निघाले. डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाईंच्या, नावाने रुग्णालय उभारले. पुढे मोतीराम नारायण देसाई टोपीवाला यांच्या देणगीनंतर महाविद्यालयाला टोपीवालांचे नाव मिळाले आणि १९४६ मध्ये संस्था महापालिकेकडे आली. टोपीवाले देसाई मूळचे मालवणकडचे. मालवणची टोपीवाला हायस्कूल त्याच घराण्याची. ग्रँट कॉलेज आणि के. ई. एम. यांचा आरंभ ज्या वर्गण्यांतून झाला त्यांत लहान रकमा देणारेही होते, पण पाट्यांवर जागा मोठ्या आकड्यांनाच मिळते.

आज ही रुग्णालये कोण चालवते?

जे. जे., कामा, जी. टी. (गोकुळदास तेजपाल) आणि सेंट जॉर्ज ही राज्य सरकारची रुग्णालये आहेत. के. ई. एम., नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक ही महापालिकेची. के. ई. एम.च्या शेजारची वाडिया रुग्णालये वेगळ्या व्यवस्थापनाखाली आहेत. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये टाटा विश्वस्त निधीने सुरू केले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

‘धर्मादाय रुग्णालय’ आणि ‘सार्वजनिक रुग्णालय’ एकच का?

नाही, आणि हा फरक माहीत असणे रुग्णाच्या नातेवाइकांना उपयोगी पडते. सार्वजनिक रुग्णालय सरकारचे किंवा महापालिकेचे असते. धर्मादाय रुग्णालय खासगी विश्वस्त संस्थेचे असते, पण ते धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असल्याने त्याच्यावर कायद्याचे बंधन असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात, तसेच एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. पूर्वी दाता सरकारला अट घालत असे. आता करसवलत घेणाऱ्या विश्वस्तांना कायदा अट घालतो.

आज सामान्य माणसाला या रुग्णालयांना मदत करता येते का?

येते, आणि त्यासाठी इमारत बांधण्याची ऐपत लागत नाही. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ‘पुअर बॉक्स चॅरिटी फंड’ असतो. बाहेरून आणायचे औषध, स्टेंट, सांध्यात बसवायचे रोपण असा रुग्णालयाकडून न मिळणारा खर्च ज्याला झेपत नाही, त्याची कागदपत्रे वैद्यकीय समाजसेवक तपासतात आणि या निधीतून किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेकडून रक्कम मिळवून देतात. मदत करू इच्छिणाऱ्याने थेट समाजसेवा विभागात जावे, रोख रक्कम वॉर्डात कोणाच्या हाती न देता अधिकृत पावती घ्यावी, आणि रक्कम विशिष्ट कारणासाठी, उदाहरणार्थ केवळ लहान मुलांच्या उपचारांसाठी, द्यायची असेल तर ते अर्जात लेखी नमूद करावे.